गारव्याचा भोंगा

लग्न होऊन मी चांद्याला आले तेव्हा त्या घरात आम्ही तिघंच राहत होतो. सासरे, सासूबाई आणि मी. मी त्यांना मामाजी आणि आत्याबाई म्हणायची. यजमान नागपूरला वकिली शिकत होते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा येत, दोन दिवस झोपत आणि परत जात. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला सासऱ्यांची धानाची गिरणी होती. मूळचे ते वैनगंगेकाठच्या खेड्यातले शेतकरी. शहरात येऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी घरातलं बोलणं तिकडचंच होतं. माझं माहेर वर्ध्याचं, वडील मास्तर, मी मॅट्रिक झालेली. पहिले काही महिने सासूबाई काय आणायला सांगताहेत ते मला कळायचं नाही आणि मी चुकीचं भांडं उचलून न्यायची. त्या काही बोलायच्या नाहीत. चुकीच्या भांड्यातच भाजी टाकायच्या.

गाडी आली ती माझ्या तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात. कोळशाच्या खाणीवरचा एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. सासरे गिरणीच्या कचेरीसाठी दोन खुर्च्या बघायला म्हणून सकाळी सायकलने गेले आणि दुपारी मोटार घेऊन आले. सायकल मागच्या सीटवर आडवी टाकलेली. खुर्च्यांचं त्यांना पुढे कधी आठवलंच नाही.

निळ्या रंगाची, पोटाने फुगीर अशी ती जुनी गाडी होती. पुढची सीट बाकासारखी एकसंध, तीन माणसं मावतील अशी. पण अंगणात जमलेले लोक गाडीकडे बघत नव्हते. ते बघत होते डाव्या खिडकीला बाहेरून अडकवलेल्या पत्र्याच्या एका नळकांड्याकडे. आडव्या ठेवलेल्या रांजणाएवढं ते होतं, आणि त्याचं तोंड पुढे, रस्त्याकडे.

"भोंगा काऊन लावला भाऊ?" शेजारच्यांनी विचारलं. निवडणुका होऊन फार दिवस झाले नव्हते. भोंगा लावलेली गाडी म्हणजे प्रचाराची, एवढंच लोकांना माहीत होतं.

"बोलाचा भोंगा नाई हा," सासरे म्हणाले. "गार हवेचा आहे."

तेव्हापासून त्याला भोंगा हेच नाव पडलं. त्याची रचना सासऱ्यांनी आम्हाला दोनदा समजावून सांगितली. भोंग्याच्या पोटात तळाशी पाणी असायचं आणि त्यावर लाकडाच्या किसाची एक गोल गादी. आतल्या बाजूने एक दोरी लोंबायची. ती ओढली की गादी पाण्यातून फिरून ओली होणार, बाहेरचं ऊन-वारं भोंग्याच्या तोंडातून आत शिरणार, ओल्या गादीतून येताना गार होणार आणि बसणाऱ्याच्या अंगावर येणार. घराच्या दाराला आपण वाळ्याची ताटी लावतो आणि तिच्यावर पाणी मारतो, तसंच. फक्त ही ताटी गाडीबरोबर फिरणारी.

चांद्याचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे एप्रिलपासून दुपारी दाराच्या कडीला हात लावता यायचा नाही. विहिरीचं पाणी सोडलं तर गार म्हणावं असं काही उरायचं नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी पहिली चक्कर मारायला आम्ही निघालो तेव्हा मी मागच्या सीटवर अगदी उत्सुक होऊन बसले होते. सासूबाई पुढे, भोंग्याशेजारी. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता, थंडी वाजेल म्हणून.

सासऱ्यांनी गाडी सुरू केली. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि तशीच चालत राहिली, म्हणजे चालतच. बैलगाड्या आमच्या मागे पडत होत्या हे खरं, पण सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते आणि जाता जाता सासऱ्यांना रामराम करत होते. सासूबाईंनी दोरी ओढली. भोंग्यातून एक ओला, कोंदट वास आला, भिजलेल्या पोत्याचा येतो तसा. वारा म्हणावा असं काही आलं नाही. उलट भोंग्याने खिडकी अडवल्यामुळे जो यायचा तोही बंद झाला.

"गार लागते का?" सासऱ्यांनी विचारलं.

"लागते ना जी," सासूबाई म्हणाल्या. "हिवाळाच आला वाटते."

"आन् सूनबाई, मांगं येते का?"

माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ जात होते. "येतं मामाजी," मी म्हटलं.

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात माठाशी टेकून बसल्या. चोळी अंगाला चिकटली होती. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायच्या आधी डोक्यावर ओतलं.

"काय गार लागते माय," त्या म्हणाल्या. "भट्टीत बसल्यासारखं झालं. पण त्यायले सांगू नको हो. लई हौसेनं आणली त्यायनं."

आणि मग ते रोजचंच झालं. दर दोन-तीन दिवसांनी आम्ही गिरणीपर्यंत, नाहीतर इरई नदीपर्यंत जायचो. सासरे विचारायचे, सासूबाई हिवाळा आला म्हणायच्या, मी मागून हो म्हणायची. भोंग्याने आम्हाला छळायच्या निरनिराळ्या रीती काढल्या. रस्त्यात गाय आडवी आली आणि ब्रेक दाबला की पोटातलं पाणी उसळून सासूबाईंच्या मांडीवर. एकदा दोरी तुटून त्यांच्या हातात आली. गाडी चार दिवस उभी राहिली तर पाण्यात डासांच्या अळ्या. एकदा तर दोरी ओढल्यावर आतून एक बेडकी बाहेर आली आणि सासूबाईंच्या पदरावर बसली. सासूबाईंनी तिला हाताने उचलून खिडकीबाहेर ठेवलं आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "गार आहे जी आज."

मग सासऱ्यांनी चाचांना बोलावलं. जटपुरा दरवाज्याकडे त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. कंदील, पेट्या, चाळण्या, काय म्हणाल ते करायचे. सासरे आणि ते एकाच खेड्यात लहानाचे मोठे झालेले. आगेमागे गाव सोडून दोघे चांद्याला आले. सासरे त्यांच्याशी जसे बोलायचे तसे घरात कोणाशीच बोलत नसत. शिव्यासुद्धा द्यायचे. चाचांनी भोंगा खोलला, तुटलेल्या दोरीच्या जागी पक्की सुतळी घातली, पाणी उसळू नये म्हणून आत पत्र्याची एक आडवी पट्टी डाक देऊन जोडली. साहेबाच्या देशातला लाकडाचा कीस काढून टाकून त्यांनी वाळ्याची गादी बसवली. आता गाडीला वास तरी चांगला यायला लागला. गारवा काही येईना.

"भोंगा बराबर नाई अजून," सासरे म्हणायचे आणि पुन्हा चाचांना निरोप जायचा.

तिसऱ्यांदा चाचा आले तेव्हा सासरे गिरणीत होते. सासूबाई आत मिरच्या निवडत होत्या. चाचा ओसरीवर भोंगा मांडीवर घेऊन बसले होते, पण हात चालत नव्हते. मी चहा नेऊन दिला तसे ते हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, येच्यात काईच खराबी नाई. पयल्या दिवशीबी नव्हती."

"मग गार का होत नाही?"

"याले हवा पायजे. जोराची. गाडी पळन तवा हवा घुसन. भाऊ चालवते बैलाच्या चालीनं. कुठून हवा येईन?"

मला हसू आलं. "मग मामाजींना सांगा ना तसं."

"भाऊले मालूम आहे," चाचा म्हणाले. "साहेबानंच सांगतलं होतं त्याले. तीस-पस्तीसच्या वर गेली तरच चालते म्हणून."

मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. मग तुम्हाला सारखं कशाला बोलावतात, असं मी विचारलं. चाचांनी आत स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते.

तरुणपणी सासऱ्यांना बैलांच्या शर्यतींचा नाद होता. पटावर पळवायची खास जोडी त्यांनी ठेवली होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला ते बायकोला घेऊन छकड्याने गेले. चाचाही बरोबर होते, मागे पाय सोडून बसलेले. परत येताना दुसऱ्या गावच्या एकाचा छकडा शेजारी आला. त्याने बैलांना हाळी दिली. सासऱ्यांना राहवलं नाही. बायको मागून नको म्हणत होती, तरी त्यांनी जोडी सोडली. पुढे रस्त्याला पावसाने पडलेली खोल चाकोरी होती. चाक तिच्यात गेलं आणि छकडा उलटला. चाचांचं मनगट मोडलं. ते अजून वाकडंच होतं, त्यांनी मला दाखवलं. सासऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही. सासूबाईंना पाचवा महिना होता. ते मूल गेलं.

"त्याच हप्त्यात भाऊनं जोडी इकून टाकली," चाचा म्हणाले. "तुमचा नवरा झाला तो त्याच्या सात सालानं. तवापासून बाई संगं असली का भाऊ गाडी जोरात हाकत नाई. बैलाचीबी नाई आन् मोटारचीबी नाई. आन् बाईले असं वाटू नये का माह्यामुळं गार लागत नाई म्हणून, तो भोंग्याले दोष देते. मले बोलावते. मी येतो, चहा पेतो, सुतळी बदलतो."

चहा संपवून त्यांनी खरोखरच सुतळी बदलली आणि ते गेले.

त्यानंतर त्या गाडीत मागे बसणं मला कठीण झालं. पुढे ती दोघं एकमेकांच्या शेजारी घामाने भिजत बसलेली. बायकोला अपराधी वाटू नये म्हणून ते भोंग्याची तक्रार करायचे. त्यांची हौस मोडू नये म्हणून ती गारव्याचं कौतुक करायची. आणि दोघांच्याही मनातलं ठाऊक असलेली मी मध्येच. मी वीस वर्षांची होते, घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. कोणाला काय सांगावं ते मला सुचलं नाही. मी मागून हो म्हणत राहिले.

मे महिन्यात सासूबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. भाऊ गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायचे. गाडीनेच जायचं ठरलं. पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचू, असा सासऱ्यांचा हिशेब होता. पण मूलच्या अलीकडेच चाक पंक्चर झालं. चाक बदलून, गावात पंक्चर काढून निघेपर्यंत बराच वेळ गेला, आणि पुढेही आमची चाल तीच. वैनगंगेच्या काठाला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

तिथे तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात नदीचं पात्र म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत वाळूच वाळू आणि मध्ये गुडघाभर पाण्याची एक धार. वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून वाट केलेली असे. मोटारी तिच्यावरूनही रुतायच्या, म्हणून काठावरचे शेतकरी बैलजोड्या घेऊन उभे असत. गाडीला दोर बांधायचा, बैलांनी ओढायची, मालकाने नुसतं चाक धरून बसायचं. आमच्या आधी लाकडं भरलेला एक ट्रक वाळूत फसला होता. तो निघेपर्यंत आम्ही तासभर थांबलो. सावलीला एकच पळस होता, तोही पानं झडलेला.

आमची पाळी आली. दोन जोड्या गाडीला जुंपल्या. बैल जुंपलेले बघितले आणि सासूबाई दार उघडून खाली उतरल्या.

"मी पायी येतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही अशा 'येतो' म्हणतात.

"येडी झाली का? वाळू किती तापली पाय," सासरे म्हणाले.

"चप्पल आहे ना जी पायात. तुमी व्हा समोर."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बैलांकडे बघितलं आणि चाक धरलं. मी सासूबाईंबरोबर उतरले. बैलवाले 'हो हो' करत गाडी घेऊन पुढे गेले आणि आम्ही दोघी त्या पांढऱ्या वाळूतून चालू लागलो. वाळूत पाऊल टाकलं की चप्पल आत राहायची आणि पाय बाहेर यायचा. शेवटी त्यांनी चपला हातात घेतल्या आणि लुगड्याचा पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला. मध्ये धार लागली तेव्हा मी म्हटलं, जरा थांबू, पाय भिजवू. त्या थांबल्या नाहीत. त्यांना बैलांच्या मागे मागे जायचं होतं, आणि तरी बैलांच्या जवळ जायचं नव्हतं.

पलीकडच्या काठावर गाडी दोरातून सोडवेपर्यंत आम्ही पोचलो. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. मी त्यांचा हात धरला तर तो कोरडा होता. इतक्या उन्हात इतकं चालून अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या, पण ते मला नव्हतं. कोणातरी लहान मुलीला त्या म्हणत होत्या की विहिरीजवळ जाऊ नको.

"ऊन लागलं बाईले," बैलवाल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला. "पानी मारा. झटकन दवाखान्यात न्या."

आम्ही त्यांच्या डोक्यावर, अंगावर घागरीने पाणी ओतलं. पाणी वाळूवर पडावं तसं ते सुकत होतं. गडचिरोली अजून पाच-सहा मैल होती. सासऱ्यांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मी मध्ये बसून त्यांना खांद्याशी धरलं. मग सासरे पुन्हा खाली उतरले, नदीतून आणलेल्या घागरीने भोंगा काठोकाठ भरला आणि गाडी सुरू केली.

आणि गाडी चालू लागली. तशीच. बैलाच्या चालीने.

मी त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी चाक असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते मुद्दाम हळू चालवत नव्हते. त्यांचा पाय दबतच नव्हता.

"मामाजी," मी म्हटलं, "जोरात चालवा."

त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"मामाजी, भोंग्याला वारा लागतो. चाचांनी मला सांगितलंय. सगळंच सांगितलंय. जोरात चालवा, नाहीतर आत्याबाई जातील."

सासऱ्यांना असं आजवर घरात कोणी बोललं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटला. त्यांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं, आणि पाय दाबला.

ती जुनी गाडी अशी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. मागच्या सीटवरचं आहेराचं गाठोडं खाली पडलं. खिडक्या खडखडू लागल्या. मी सासूबाईंच्या अंगावरून हात घालून दोरी ओढली, पुन्हा ओढली. आणि मग भोंग्यातून वारा आला. पहिल्यांदा कोमट, मग थंड, मग इतका गार की माझ्या ओल्या हातावर काटा आला. वाळ्याचा वास गाडीभर झाला. मी पदर भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला आणि त्यांचं तोंड भोंग्यासमोर धरलं. सारखी दोरी ओढत राहिले. सासऱ्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. ते भोंग्याचं नव्हतं.

गावाची कौलं दिसायला लागली तेव्हा सासूबाईंनी डोळे किलकिले केले.

"कोण चालवून राह्यलं गाडी?"

"मामाजी."

"इतक्या जोरात?" त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि माझ्या मनगटाला घट्ट धरलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज खरंच गार लागून राह्यलं माय."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यातल्या खाटेवर निजवलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायला सांगितलं. दुपार कलली तशी त्यांना घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, पण आज इथेच राहू द्या. धानोऱ्याकडे जाणाऱ्या एकाबरोबर आम्ही लग्नघरी निरोप धाडला. मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून पंख्याने वारा घालत होते. सासरे उशाशी स्टुलावर.

"तुमाले माहीत होतं का?" सासूबाईंनी विचारलं. "जोरात चालवलं का गार होते म्हणून?"

"होतं."

"मंग काऊन नाई चालवली?"

व्हरांड्याबाहेर कोणीतरी मोहाची टोपली घेऊन जात होतं, सासरे तिकडे बघत राहिले.

"त्या छकड्याच्यानं?"

"हो."

मी उठून जावं असं मला वाटत होतं, पण उठले असते तर दोघांना मी तिथे आहे हे आठवलं असतं.

"मी कवा म्हटलं का तुमची चुकी होती म्हणून?" सासूबाई म्हणाल्या.

"तू कवाच काई म्हटलं नाई," सासरे म्हणाले. "येका शब्दानं नाई. येकडाव म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

सासूबाईंनी विचार केला. मग शांतपणे म्हणाल्या, "होती तुमची चुकी. मी नाई म्हणून राह्यलो होतो आन् तुमी आयकलं नाई. लई राग आला होता मले. दोन-तीन साल होता. मंग गेला."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचे खांदे थोडे खाली आले, डोक्यावरचं पोतं कोणी उतरवून घेतल्यासारखे. सासूबाईंनी चादरीतून हात बाहेर काढला आणि पाणी मागितलं. ते सासऱ्यांनी स्वतः पाजलं. बरंचसं उशीवर सांडलं.

लग्न आम्हाला मिळालं, पण पंगत उठल्यावर. सासूबाई चार दिवस भावाकडे निजून होत्या आणि सगळे त्यांच्याभोवती. नवरीसुद्धा सासरी जाण्याआधी त्यांच्याच खाटेवर बसून रडली.

परतीच्या दिवशी गाडीत बसताना सासूबाईंनी एक अट घातली.

"किती जोरात चालली ते मले कळलं पायजे. माह्या मनात भेव आलं का मी सांगीन, तवा कमी करायची. न सांगता वाढवाची नाई."

"त्यो काटा पाय ना मंग," सासरे म्हणाले आणि चाकामागची गोल तबकडी दाखवली.

"मले काय समजते त्याच्यातलं? काय लिवलं आहे?"

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सासऱ्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका चारोळीच्या झाडाखाली थांबवली आणि बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. हे दहा. हे वीस, बदकासारखं दिसते ते. हे तीस. मी मागे बसून ऐकत होते. त्या दिवशी आम्ही वीसवर नदीपर्यंत आलो. वाळूत बैल जुंपले तेव्हा सासूबाई गाडीतच बसून राहिल्या, डोळे मिटून, मागे हात करून माझा हात धरून. सकाळची वेळ होती, वाळू तापली नव्हती. पलीकडे गेल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "करा तीस."

तीसवर भोंगा थोडा थोडा वारा देऊ लागला. पस्तीसला बरा. चाळीसपर्यंत यायला त्यांना तो उन्हाळा आणि पुढचा अर्धा उन्हाळा लागला. चाळीसच्या वर त्यांनी कधी जाऊ दिलं नाही आणि सासऱ्यांनीही कधी मागितलं नाही. भोंगा त्यानंतरही बिघडायचाच. सुतळी कुजायची, पाणी गळायचं, एका पावसाळ्यात चिमणीने त्यात घरटं केलं तेव्हा पिल्लं उडेपर्यंत आम्ही गाडी काढली नाही. पण आता सासरे विचारायचे, "गार लागते का?" आणि सासूबाई सांगायच्या, "नाई लागत जी. खोलून पाहा." चाचा यायचे, चहा प्यायचे. आता त्यांना खरंच काम असायचं.

मला गंमत वाटायची ती आकड्यांची. तबकडीवर फक्त दहा, वीस, तीस असंच लिहिलेलं असल्यामुळे सासूबाईंना चाळीस वाचता यायचे, पण चार यायचा नाही. शून्याला त्या 'मागचा गोळा' म्हणायच्या. एके दिवशी मी पाटीवर चाळीस लिहिले आणि मागचा गोळा पुसून टाकला. त्या बघत राहिल्या. मग स्वतः नव्वदचा गोळा पुसला, आणि मला विचारलं, हे नऊ का? असे एका दुपारी त्यांना सगळे आकडे आले. अक्षरांना पुढे वर्ष लागलं. ती त्यांना आकड्यांइतकी आवडली नाहीत.

पुढच्या खेपेला आम्ही गडचिरोलीला निघालो तेव्हा यजमानही सुट्टीवर आले होते. ते माझ्या शेजारी मागे बसले आणि चांद्याची वेस ओलांडायच्या आत त्यांनी डोळे मिटले. पण रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड होते आणि त्यांच्यावर आकडे होते. सासूबाईंनी पहिला दगड वाचला, मोठ्याने. मग दुसरा. मूलपर्यंत त्यांनी एकही सोडला नाही. एक दगड झुडपात लपला होता म्हणून निसटला, तर त्यांनी गाडी थांबवून सासऱ्यांना मागे घ्यायला लावली. सासऱ्यांनी निमूटपणे घेतली.

"आईले कोणी शिकवलं हे?" यजमानांनी डोळे चोळत मला विचारलं.

मी पुढे बोट दाखवलं. सासरे चाक धरून बसले होते, काटा पस्तीसवर, आणि पुढचा दगड दिसतो का म्हणून मान लांब करून बघत होते.